वाट चुकलेले मूल आणि बाल न्याय मंडळापुढील सात वाटा

स्मरणिकेसाठी कायदेविषयक लेख लिहावा, अशी सूचना आली तेव्हा आम्ही विषयाचा फार शोध घेतला नाही. आपल्या वस्त्यांतून दरवर्षी काही मुले पोलिसांच्या हाती लागतात, हे आपण सर्वजण जाणतो. मोबाईलची चोरी, मारामारी, कोणाच्या तरी गाडीतून काढलेले पेट्रोल, कधी यापेक्षा फार गंभीर असे काही. मूल पकडले गेले की वस्तीत एकच वाक्य ऐकू येते, "गेला रिमांड होमला." पुढे त्याचे काय होते, न्यायासनापुढे त्याच्यासाठी कोणकोणते मार्ग असतात आणि त्यांपैकी कोणता मार्ग त्याच्या वाट्याला येतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही बालकांविषयीच्या कायद्याची, विशेषतः चौकशीच्या अखेरीस मंडळ जे आदेश देते त्यांची, सोप्या भाषेत ओळख करून देण्याचे योजिले आहे. विधी व समाजकार्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा लेख अभ्यासाला उपयोगी पडावा आणि सभासदांना प्रत्यक्ष प्रसंगी, एवढीच अपेक्षा.

१. थोडा इतिहास

लहान मुलाला मोठ्या गुन्हेगारासोबत ठेवू नये, हा विचार आपल्या देशात कायद्याच्या रूपाने आला तो इंग्रजी अमदानीत. १८५० च्या उमेदवारीविषयक कायद्याने निराधार व किरकोळ गुन्हे करणाऱ्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून लावण्याची सोय झाली. पुढे १८७६ साली सुधारशाळांचा कायदा आला आणि १८९७ साली तो नव्याने करण्यात आला. मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तर १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह ज्या संस्थेमार्फत चालते, ती हीच. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक अधिनियम आला.

संपूर्ण देशाला लागू होणारा पहिला महत्त्वाचा कायदा १९८६ चा. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी अठरा वर्षांपर्यंत 'बाल' मानली जाई. भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. त्यानंतर २००० च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांसाठीही अठरा वर्षांची मर्यादा ठरविण्यात आली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अमानुष प्रकरणातील एक आरोपी अठरा वर्षांच्या आतील होता. त्याला ऑगस्ट २०१३ मध्ये विशेष गृहात तीन वर्षे ठेवण्याचा आदेश झाला, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. त्या मंथनातून बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ जन्माला आला व जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. आज हाच कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसह, लागू आहे.

२. शब्दांमागचा विचार

विद्यार्थी मित्रांनी प्रथम या कायद्याची भाषा लक्षात घ्यावी. येथे मुलाला 'आरोपी' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याला 'अटक' होत नाही, ताब्यात घेतले जाते. त्याच्यावर 'खटला' चालत नाही, 'चौकशी' होते. शेवटी 'शिक्षा' सुनावली जात नाही, 'आदेश' दिला जातो. काहींना हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल, परंतु तसे नाही. मुलाच्या कपाळी शिक्का बसेल असे शब्द वापरू नयेत, हे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक तत्त्व आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा आणि त्याला नव्याने सुरुवात करण्याची संधी मिळावी, ही तत्त्वेही त्याच कलमात सांगितली आहेत.

सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयोगटात मुलाला कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी पक्वता आली नसेल, तर तेही गुन्हा ठरत नाही. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. म्हणजे एकट्या कायदेपंडितावर हे काम सोपविलेले नाही. समाजाचे दोन प्रतिनिधी न्यायासनावरच बसविलेले आहेत.

३. पकडल्यापासून चौकशीपर्यंत

मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे हजर करावे लागते. पोलिसांनी पालकांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे आपण ज्यांना प्रोबेशन ऑफिसर म्हणतो त्यांना, कळविले पाहिजे. वयाबद्दल वाद असेल तर प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास वैद्यकीय तपासणी. ज्या घरात एकही दाखला जपून ठेवलेला नाही, त्या घरातील मुलाचे येथूनच हाल सुरू होतात.

जामिनाची तरतूद उदार आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनासह किंवा जामिनाशिवाय सोडावे, अथवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करावे, हा नियम आहे. सुटल्यामुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असे वाटण्यास सबळ कारण असेल तरच जामीन नाकारता येतो. याहून महत्त्वाची आणि फारशी कोणाला ठाऊक नसलेली एक तरतूद आहे. जामिनाच्या अटी मुलाला सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे हजर केले पाहिजे. जामीनदार मिळत नाही म्हणून मुलाने निरीक्षणगृहात महिनोन् महिने पडून राहावे, हे कायद्याला मंजूर नाही.

चौकशी चार महिन्यांत पुरी करावयाची असते व फार तर आणखी दोन महिने वाढवून मिळतात. गुन्हा किरकोळ असेल आणि वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरण तेथेच बंद होते. मंडळाने मुलाला निर्दोष ठरविले तर तसा आदेश होतो. कृत्य त्याच्याकडून घडले असे ठरले, तर पुढील प्रश्न येतो की, आता या मुलाचे काय करावे?

४. सात वाटा

अधिनियमाच्या १८ व्या कलमात मंडळापुढे सात पर्याय ठेवले आहेत. त्यांचा क्रम सौम्याकडून कठोराकडे जाणारा आहे व तो अभ्यासण्यासारखा आहे.

(अ) समज देऊन घरी पाठविणे. मुलाला व त्याच्या पालकांना समुपदेशन करून, योग्य ती समज देऊन मूल घरी जाऊ दिले जाते. पहिल्याच चुकीच्या व किरकोळ प्रकरणात ही वाट बहुधा पुरेशी असते.

(आ) सामूहिक समुपदेशन. मुलाने ठरावीक काळ गटातील समुपदेशनात व तत्सम उपक्रमांत भाग घ्यावयाचा असतो.

(इ) समाजसेवा. एखाद्या संस्थेच्या किंवा नेमून दिलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली मुलाने काही काम करावयाचे. नियमांनुसार ही सेवा चौदा वर्षांवरील मुलांसाठी असून ती मुलाचा अपमान करणारी नसावी. बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत अशा प्रकारची कामे येथे अभिप्रेत आहेत. गटारे उपसायला लावून मुलाला चारचौघांत खाली पाहायला लावणे अभिप्रेत नाही.

(ई) दंड. मुलाने अथवा त्याच्या पालकांनी दंड भरावा, असा आदेश देता येतो. मात्र मूल काम करीत असल्यास कामगार कायद्यांचा भंग होत नाही ना, हे पाहावे लागते. दंडाची रक्कम फेडण्यासाठी मूल शाळा सोडून कामाला लागले, तर ती सुधारणा म्हणता येणार नाही, हे उघडच आहे.

(उ) चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरच्यांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणे. आईवडील, पालक किंवा मंडळाने मान्य केलेली योग्य व्यक्ती हमीपत्र लिहून देते आणि जास्तीत जास्त तीन वर्षे मुलाच्या वर्तनाची व कल्याणाची जबाबदारी घेते. यालाच आपण परिवीक्षा म्हणतो.

(ऊ) चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर योग्य संस्थेच्या देखरेखीखाली ठेवणे. याचीही मर्यादा तीन वर्षांचीच आहे.

(ए) विशेष गृह. येथे मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. त्या काळात शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशन व गरजेप्रमाणे मानसोपचार मिळाला पाहिजे. मुलाचे तेथे राहणे त्याच्या किंवा इतर मुलांच्या हिताचे नाही असे दिसल्यास त्याला 'सुरक्षित स्थान' म्हणून ठरविलेल्या ठिकाणी हलविता येते.

याखेरीज मंडळ जोडीला आणखी आदेश देऊ शकते. शाळेत जाणे, व्यवसाय प्रशिक्षण घेणे, उपचार केंद्रात जाणे, ठरावीक ठिकाणी न फिरकणे, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा करणे इत्यादी. आदेश मान्य नसल्यास तीस दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. निरीक्षणगृह आणि विशेष गृह यांना आपण सरसकट 'रिमांड होम' म्हणतो. वास्तविक निरीक्षणगृह हे चौकशी चालू असतानाचे तात्पुरते ठिकाण आहे, तर विशेष गृह हे अंतिम आदेशानंतरचे. त्याचप्रमाणे जामिनाची अट आणि अंतिम आदेश यांतही फरक आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. 'दोन जिवांची शिक्षा एक निबंध' असे लोक म्हणू लागले. लोकांचा संताप समजण्यासारखा होता, तथापि निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची एक अट होती. विद्यार्थ्यांनी वृत्तपत्र वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, वकील, वाहन आणि कागदपत्रे हाताशी असलेल्या घरातील मुलाला जी तत्परता लाभते, ती बिगाऱ्याच्या मुलाला क्वचितच लाभते.

५. सोळा ते अठरा वयोगट

ज्या गुन्ह्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे, ते 'अतिगंभीर' गुन्हे होत. सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर असा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. कृत्य करण्याची मुलाची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्य कोणत्या परिस्थितीत घडले, हे त्यात पाहिले जाते. त्यानंतर मंडळ प्रकरण स्वतःकडे ठेवू शकते किंवा बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालविला, तरी मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला सुरक्षित स्थानी ठेवतात. त्यानंतर त्याच्यात झालेला बदल पाहून सोडावे की उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात पाठवावे, हे ठरविले जाते. म्हणजे येथेही दार पूर्णपणे बंद केलेले नाही.

६. वाट कशावरून ठरते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सात वाटांपैकी एखाद्या मुलाला कोणती वाट मिळते? गुन्हा किती मोठा यावर ती ठरते, असे उत्तर सहज सुचते. ते खरे आहे, पण अर्धेच. मंडळ आदेश देताना परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल विचारात घेते. हा अहवाल दोन आठवड्यांत द्यावयाचा असतो. त्यात मुलाचे घर, शाळा, मित्र, सवयी, कमाई, आजार यांची माहिती असते व शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मतही असते. अधिकारी वस्तीत येतो तेव्हा त्याला कोण भेटते, काय सांगते, यावर अहवालाचा सूर अवलंबून राहतो.

शिवाय वाटा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. समज देऊन घरी पाठवावयाचे तर घरी कोणीतरी असावे लागते. समाजसेवा करावयाची तर देखरेख करणारी संस्था लागते. हमीवर सोडावयाचे तर हमीपत्रावर सही करणारा माणूस लागतो. अशा प्रकारे पहिल्या सहाही वाटांवर मुलाचा हात धरणारे बाहेरचे कोणीतरी असावे लागते. असे कोणीच पुढे आले नाही, तर मंडळाने कितीही सहानुभूतीने विचार केला तरी उरते ती सातवी वाट. तेव्हा एखादे मूल संस्थेत जाते ते नेहमी गुन्हा मोठा म्हणून नव्हे. कित्येकदा ते एकटे पडले म्हणून जाते.

७. आमचाच एक अनुभव

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील पंधरा वर्षांचा एक मुलगा पकडला गेला. दोन मोठ्या पोरांनी इमारतीच्या कामावरून तांब्याची वायर चोरली आणि याला रस्त्यावर पहारा द्यायला उभे केले होते. मोठी पोरे पळाली, हा सापडला. आई धुणीभांडी करणारी, वडील घर सोडून गेलेले. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कोठून आणणार? ती बाई आमच्या मंडळाच्या बैठकीत आली आणि म्हणाली, "दादा, नुसतं एक पत्र द्या. पोरगं वाईट नाही, एवढंच लिहा."

आम्ही पत्र दिले नाही. पोलीस प्रकरणात मंडळाचे नाव नको, असे बहुतेकांचे मत पडले आणि आम्हीही मान हलविली. सात दिवसांनंतर अटी शिथिल करून मागता येतात, हे तिला सांगायला आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. मुलगा दोन महिन्यांहून अधिक काळ निरीक्षणगृहात राहिला. शेवटी वस्तीतील एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सारी मुले 'बाई' म्हणतात, त्या स्वतः होऊन प्रोबेशन ऑफिसरना भेटल्या. मुलगा पाचवीपर्यंत आपल्या वर्गात होता, तो असा आहे, त्याची आई अशी आहे, हे त्यांनी सांगितले आणि अभ्यासाची जबाबदारी आपण घेतो असे लिहून दिले. मंडळाने मुलाला एक वर्षाच्या हमीवर आईच्या स्वाधीन केले व शिक्षण चालू ठेवण्याचा आदेश दिला. बाईंनी त्याच्याकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला आणि दुसऱ्या खेपेस तो दहावी उत्तीर्ण झाला.

त्या मुलाचा गुन्हा, कायदा आणि मंडळ तेच होते. एक वृद्ध बाई त्याच्या बाजूला उभी राहिली, एवढाच काय तो फरक पडला. ती जागा खरे म्हणजे आमची होती. त्याच्या आईची आम्ही आजवर क्षमा मागितलेली नाही, ती या लेखाच्या निमित्ताने मागतो.

८. आपण काय करू शकतो?

केवळ हळहळून भागणार नाही. आपल्यासारख्या कल्याणकारी संस्थांना सहज जमेल असे काही आम्ही सुचवितो.

(१) प्रत्येक वस्तीत दोन-तीन सभासदांनी आपल्या जिल्ह्यातील बाल न्याय मंडळ कोठे भरते, परिवीक्षा अधिकारी कोण, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कोठे, याची माहिती ठेवावी. बालकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.

(२) मुलांचे जन्मदाखले व शाळेचे दाखले जपण्याविषयी पालकांना सांगावे. दाखला काढण्यास मदत करावी.

(३) अधिकारी चौकशीला आल्यास दार लावून घेऊ नये. मुलाविषयी खरे ते सांगावे. खोटी स्तुतीही नको आणि ऐकीव निंदाही नको.

(४) समाजसेवेचा आदेश झालेल्या मुलांना आपल्या वाचनालयात, अभ्यासिकेत काम देण्याची तयारी मंडळाकडे लेखी कळवावी. चारित्र्यवान व वेळ देऊ शकणाऱ्या सभासदांनी 'योग्य व्यक्ती' म्हणून नाव देण्याचा विचार करावा. मंडळ चौकशी करूनच अशी मान्यता देते, म्हणून ही जबाबदारी मिरविण्यासाठी घेऊ नये.

(५) मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता कोठेही प्रसिद्ध करू नये. कायद्याने तो गुन्हा आहे. मोबाईलवर फोटो फिरविणाऱ्या आपल्याच तरुणांना हे बजावून सांगितले पाहिजे.

(६) मुलांना पुढे करून चोऱ्या करविणाऱ्या मोठ्यांना पाठीशी घालू नये. त्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

(७) मूल परत आल्यावर त्याला शाळेत, क्रिकेटच्या संघात, जयंतीच्या कामात पूर्वीप्रमाणे सामावून घ्यावे. बालपणीच्या अशा आदेशामुळे पुढे नोकरी वगैरेसाठी कोणतीही अपात्रता येऊ नये, असे कायदा सांगतो. त्याची नोंदही मुदतीनंतर नष्ट करावयाची असते. सोळा वर्षांवरील मुलाला बाल न्यायालयाने दोषी धरले असेल, तर मात्र ही सवलत लागू होत नाही. सरकारी दप्तरातील नोंद पुसली गेली आणि वस्तीच्या तोंडातील नोंद तशीच राहिली, तर कायद्याचा उपयोग काय?

अशा मुलामुळे ज्यांचे नुकसान झाले, ज्यांचे माणूस गेले, त्यांचे दुःख आम्ही लहान मानीत नाही. ते भरून काढणारा आदेश कोणत्याही मंडळाजवळ नाही. परंतु मूल पुन्हा त्याच वाटेने गेले, तर आणखी एका घरात तेच दुःख येते. त्याला वेळीच वळविणे हे त्याच्या इतकेच इतरांच्याही हिताचे आहे.

कायद्याने सात वाटा आखून दिल्या आहेत. त्यांपैकी सहा वाटांवर मुलासोबत चालायला माणूस हवा. पुढच्या वेळी एखादी आई पत्र मागायला येईल, तेव्हा ते पत्र आपल्या मंडळाच्या कागदावर, सहीशिक्क्यासह, त्याच बैठकीत लिहिले जावे, अशी सर्व सभासदांस नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.